उजेड कुठून येतोय?

आमच्या मंडळीत नाताळ सरला की वर्षाच्या शेवटच्या उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. पाळकसाहेब आपलं बोलणं आवरतं घेतात आणि विचारतात, "कुणाला काही सांगायचंय?" मग एकेक जण उठतो आणि प्रभूने वर्षभरात आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाचा रुसून गेलेला जावई परत आलेला असतो. एकदा एका गृहस्थांनी सांगितलं, की भर उन्हात सुप्याच्या फाट्यावर उभे असताना त्यांनी हात न करताच एसटी थांबली. मंडळीत हसू पिकलं, पण त्या फाट्यावर ज्यांनी दुपारच्या दुपारी घालवल्यात त्यांना तो चमत्कार पटला. मी तरी लगेच मान्य केला.

मी स्वतः मात्र कधी उठले नाही. खरं तर माझ्याकडे जेवढा ऐवज होता तेवढा त्या मंडळीत कुणाकडेच नसेल. बारामतीच्या एका लहानशा डोळ्यांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून नोकरीची सगळी वर्षं काढली. आंधळ्याला दिसू लागणं ही गोष्ट बाकीचे लोक पवित्र शास्त्रात वाचतात. मी ती ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी बघायचे. पण रविवारी उठून बोलावं म्हटलं की आमचे डॉक्टर आगाशे आठवायचे. कपाळावर चष्मा चढवून ते म्हणायचे, "विमलताई, चमत्कार नाही. मोतीबिंदू." आणि मी बसूनच राहायचे.

आता मी निवृत्त झाले आहे. डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. या नाताळ अंकाचे संपादक "नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हणून दर नाताळाला मागे लागतात. तेव्हा उभं न राहता, खुर्चीत बसूनच साक्ष द्यावी म्हणते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. डोळ्याच्या बाहुलीमागे एक भिंग असतं. वय झालं की ते ताकासारखं गढूळ होतं, तो मोतीबिंदू. नव्वद सालाच्या आसपास आमच्याकडे ते भिंगच काढून टाकायचे, डोळ्याला पट्टी बांधायची, आणि दीड-दोन महिन्यांनी जाड भिंगाचा चष्मा द्यायचा, तो जन्मभराचा. आत नवं भिंग बसवायची सोय आमच्यापर्यंत यायला अजून काही वर्षं होती. दवाखान्याची जीप बारामती-इंदापूरच्या खेड्यांतून फिरायची. शाळेत तपासणी व्हायची, आणि ज्यांचा मोतीबिंदू पिकला असेल त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात आणायचं. हॉलमध्ये सतरंज्यांवर गाद्या आणि गाद्यांवर ओळीने म्हातारी माणसं. डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, मिश्री लावायची नाही. मिश्रीवरून मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडले नाही. एकीने तर मिश्रीची डबी "औषध हाय, जपून ठिवा" म्हणून माझ्याच खिशात ठेवायला दिली होती. मी ती संध्याकाळपर्यंत इमानाने सांभाळली.

आमच्या दवाखान्याची एक रीत होती. ती सुरू केली कांबळेमावशींनी. मावशी म्हणजे आमच्या आया. हॉल झाडण्यापासून म्हाताऱ्यांना दटावण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. त्या बौद्ध. लहानपणीच बापाने घरातले देव नदीत सोडलेले त्यांनी पाहिले होते, त्यामुळे चमत्कार म्हटलं की त्या नाक मुरडायच्या. मला म्हणायच्या, "तुमच्या देवानं डोळं दिलं म्हणता, मग डॉक्टर सकाळपासनं कंबर मोडून काय करत व्हता?" तर या मावशी ऑपरेशनच्या संध्याकाळी रांगेतून फिरत प्रत्येकाला विचारायच्या, "उद्या पट्टी सोडल्यावर पयलं काय बघायचं?"

आणि जे म्हणतील ते आम्ही जमेल तसं आणायचो. बहुतेकांना नातवंडं हवी असायची. कुणाला खंडोबाचा टाक हवा असे, कुणाला बुद्धाची तसबीर. मी ख्रिस्ती बाई, पण सगळ्यांचे देव मी धरून उभी राहिले आहे. पिंपळीच्या एका आजोबांनी सांगितलं, "माजा बैल." घरच्यांनी खरंच सकाळी बैल आणला. डॉक्टर ओरडत बाहेर गेले, आणि दहा मिनिटांनी बघते तर तेच बैलाची वेसण धरून त्याला खिडकीशी सरकवत होते. एका आजीला कुणीच नव्हतं. ती म्हणाली, "जे दिसंल ते दिसंल." तिची पट्टी सोडली तेव्हा तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ती बराच वेळ खाली बघत राहिली आणि मग हळूच मला विचारलं, "ह्ये हात कुनाचं?"

त्या सकाळी मला अजून स्वप्नात येतात. पडदे अर्धवट ओढलेले, बाहेर कोवळं ऊन, आणि एकेक चेहरा पाण्यातून वर यावा तसा वर येतोय. मी त्याला मोतीबिंदू म्हणत होते, पण छातीत जे व्हायचं त्याला काय म्हणावं ते मला कळत नव्हतं.

अशातच होळीच्या आधीच्या एका शिबिरात सारूबाई आली.

तपासणी इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावात होती. मूळ गाव धरणात गेलेलं आणि नवं माळावर वसवलेलं. रांगेत एक म्हातारी पुढे आली. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. मी आवाज खाली आणून विचारलं, "मालक कधी गेले, आजी?"

ती काही बोलायच्या आत तिच्या मागून आवाज आला, "कुठं जातोय? हितंच हाय की मी."

तिच्या खांद्यावर हात ठेवून एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. दोन्ही डोळे मिटलेले, चेहरा हसरा. शाळाभर हशा झाला. मग उलगडलं, की ती दोघं आपल्यातलीच, ख्रिस्ती. म्हाताऱ्याचं नाव शांतवन. गावात सगळे तात्या म्हणायचे. त्याचा बाप जुन्या वळणाचा उपदेशक. बायकांनी नटूथटू नये, बांगडी-पाटली काही नको, अशी त्याची शिकवण. सून म्हणून आली त्या दिवशी सारूबाईने हातातल्या बांगड्या उतरवल्या त्या उतरवल्या. आमच्याकडे असलं काही नव्हतं. भाचीच्या लग्नात भरलेल्या बांगड्या त्या दिवशीही माझ्या हातात किणकिणत होत्या.

तपासणीतली मुख्य गोष्ट टॉर्चची. खोली अंधारी करायची, एक डोळा झाकायचा, आणि दुसऱ्या डोळ्यावर उजवीकडून, डावीकडून, वरून, खालून उजेड टाकत विचारायचं, "सांगा, उजेड कुठून येतोय?" भिंग कितीही गढूळ असलं तरी उजेड आत झिरपतो, माणूस बोट करून दिशा सांगतो. सांगता आली तर आतली नस जिवंत आहे, ऑपरेशनचा उपयोग होईल. नाही आली तर नाही. डॉक्टर म्हणायचे, "खिडकीची काच मळली तर पुसता येते. खिडकीच बुजवलेली असेल तर काय पुसणार?"

सारूबाईने सगळं बरोबर सांगितलं. मी प्रत्येक वेळी "बरोबर" म्हणत गेले. मग तिला बाकावर बसवून तात्यांना पुढे घेतलं.

"सांगा, उजेड कुठून येतोय?"

"उजवीकडनं."

"बरोबर. आता?"

"वरनं. आता डावीकडनं."

फटाफट उत्तरं. इतकी फटाफट, की एकदा टॉर्चचं बटण दाबायच्या आधीच ते म्हणाले, "खालनं." मी थांबले. पापणी उचलून त्यांची बाहुली बघितली. ती उजेडाने जराही हलत नव्हती. मग माझं लक्ष माझ्याच मनगटाकडे गेलं.

तेवढ्यात मावशी सारूबाईला डोळ्यांत थेंब घालायला बाहेर घेऊन गेल्या. मी आवाज न करता बांगड्या काढून खिशात ठेवल्या आणि पुन्हा टॉर्च धरला.

"आता सांगा, तात्या."

त्यांनी मान थोडी वाकडी केली, जरा वेळ ऐकलं आणि हसून म्हणाले, "काढल्या व्हय बांगड्या?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी म्हटलं, "तात्या, मला फसवायला आला होता?"

"व्हय," ते म्हणाले. "प्रभूला सांगूनशान आलोय."

मग त्यांनी सारं सांगितलं. "पुण्याच्या डॉक्टरनं मागंच सांगितलंय मला. काचबिंदू हाय, नस वाळली, आता न्हाय दिसायचं. तिला ह्ये ठावं न्हाय. ती रोज सांजंला गुडघं टेकती आन् मागती, आमा दोघांस्नी संगंच दिसू दे. एकटी करून घे म्हणलं तर म्हणती, मी काय निम्मंच मागितलं व्हतं व्हय? बाई, इतकी वरसं ती माजी काठी. आता तिलाबी दिसंना झालंय. परवा चुलीवर हात भाजून घेतला. लेक हाय दौंडला, पर तिचं तिला थोडं हाय का? मी तपासणीत पास झालो तर सारू टेबलावर निजंल. न्हायतर आत्ता उठून घरला चालू लागंल."

ते सांगत होते आणि बाहेरून सारूबाईचा आवाज येत होता. ती मावशींना विचारत होती, "ह्यांला घेतलं न्हवं? ह्यांला घेतलं असंल तरच मी जीपात बसते."

मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर भडकलेच. "जे ऑपरेशन होऊ शकत नाही ते मी केल्याचं नाटक करणार नाही. हा दवाखाना आहे." त्यांचं बरोबरच होतं. पण मग ते स्वतः उठून तात्यांपाशी आले, पापणीवरून बोटाने डोळा दाबून बघितला आणि त्यांचा आवाज बदलला. "आजोबा, डोकं दुखतं का?"

"लई. पर दुखणं कुणाला सांगायचं?"

डोळ्यातला दाब इतका वाढला होता, की डोळा गोटीसारखा टणक झालेला. डॉक्टर म्हणाले, "दुखणं मी कमी करतो. त्यासाठी दवाखान्यात यावं लागेल, इंजेक्शन आणि पट्टीही लागेल. पण ती दुखण्यासाठी. नजरेसाठी नाही. हे तुम्ही तुमच्या बायकोला सांगायचं."

"सांगतो की," तात्या म्हणाले. "पट्टी सोडल्यावर सांगतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या नकाशातला पुणे जिल्हा वाचू लागले.

अशी ती दोघं जीपमध्ये बसली. सारूबाईचा हात तात्यांच्या हातात होता, आणि बारामती येईपर्यंत ती गाणं म्हणत होती. आपल्या उपासनेतलंच, पण चाल तिची स्वतःची. मावशी पुटपुटल्या, "लगीन असल्यागत चालल्यात." मी खिडकीबाहेर उसाकडे बघत बसले. त्या दोघांच्या आनंदाकडे बघवत नव्हतं.

ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी दोघं शेजारशेजारच्या गाद्यांवर, सारूबाईच्या एका डोळ्याला पट्टी, तात्यांच्या एका डोळ्याला पट्टी. मावशी रांगेतून आल्या.

"आजी, उद्या पयलं काय बघायचं?"

सारूबाई लाजली. म्हणाली, "ह्ये."

"आन् तात्या, तुमी?"

तात्या म्हणाले, "ती जे बघंल ते."

त्या संध्याकाळी घरी निघण्याआधी मी औषधांच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. काचबिंदूने वाळलेली नस हिरवी होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मला ते शिकवलं होतं आणि मी ते नव्या मुलींना शिकवत होते. तरी मी कपाटाला डोकं टेकून मागितलं, की उद्या त्यांना दिसू दे. नुसतं ह्या एका वेळेला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात अडाणी प्रार्थना असेल, आणि सगळ्यात मनापासूनची. तोवर मला वाटायचं, माझा चमत्कारांवर विश्वास आहे. त्या दिवशी कळलं, की जे ऑपरेशनने होणारच आहे त्यावरच माझा विश्वास होता.

सकाळी आधी सारूबाईची पट्टी सोडली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यासमोर तपासणीचं जाड भिंग धरलं. समोर तात्यांना बसवलं होतं. मावशींनी त्यांची दाढी करून दिली होती. सारूबाई बघत राहिली. तिची मान हळूहळू पुढे आली. मग तिने हात लांब करून तात्यांच्या हनुवटीला लावला.

"दाढी कुणी केली ह्यांची?" ती म्हणाली. "हितं राह्यलीया."

सगळा हॉल हसला. डॉक्टरसुद्धा. मावशी म्हणाल्या, "बघा, नजर आली आन् खोड निघाली."

"आता ह्यांची सोडा," सारूबाई म्हणाली.

मी पट्टी सोडली. कापूस काढला, पापणी पुसली. मला टॉर्च धरायची काही गरज नव्हती, पण मी धरला. बांगड्या घातल्याच नव्हत्या.

"सारू," तात्या म्हणाले. "मला न्हाय दिसत. दिसणार नव्हतंच. तुला दिसतंय न्हवं? मग झालं तर."

सारूबाईने काही विचारलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली. दुपारी ताट आलं तरी वळली नाही. मी तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "बाई, त्यानं निम्मंच ऐकलं. एवढ्या वरसांचं मागणं, आन् निम्मंच."

मग शास्त्रातली ती गोष्ट आठवली, येशूने एका आंधळ्याला हात लावला तेव्हा त्याला धड दिसेना, माणसं झाडांसारखी दिसू लागली, आणि मग येशूने पुन्हा एकदा हात लावला तेव्हा सारं स्वच्छ झालं. ती गोष्ट मी तिला सांगितली. म्हटलं, "सारूबाई, येशूलासुद्धा दोनदा हात लावावा लागला होता."

ती म्हणाली, "व्हय, ठावं हाय मला. मग दुसऱ्यांदा कवा लावणार?"

शेवटी मावशींनीच सोडवलं. त्या ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आजी, देवाशी तुमचं काय आसंल ते नंतर बघा. तुमी जेवला न्हाईत तर तकडं म्हाताराबी उपाशीच बसणार. त्याला घास कुणी द्यायचा? मला बाकीची कामं हायत." सारूबाई उठली. तात्यांच्या ताटात भाकरी कुस्करून दिली, पण त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. घरी जाईपर्यंत बोलली नाही.

त्यानंतर कामात मन लागेना. डॉक्टरांनी एकदा हात धुता धुता विचारलं, "तुमच्या त्या तात्यांचं काय झालं हो?" आमच्या डॉक्टरांनी पेशंट गेल्यावर त्याच्याबद्दल असं विचारलेलं मी क्वचितच ऐकलं होतं.

वैशाखात मी चष्मे वाटायला इंदापूरकडे गेले. उजनीचं पाणी खूप आत सरकलं होतं. सारूबाईच्या घरापाशी जीप थांबली तेव्हा आतून बांगड्यांची किणकिण ऐकू आली. वाटलं, लेक आली असेल दौंडहून. पण बाहेर आली ती सारूबाईच. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या, लाल, पिवळ्या काचेच्या बांगड्या. एवढ्या की हात उचलताना जड जावा. मी विचारणार होते, पण मागोमाग तात्या आले आणि ती दोघं एकमेकांशी बोलताहेत हे बघून मला इतकं बरं वाटलं की राहून गेलं.

मी चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. तिने अंगण बघितलं, जीप बघितली, मला बघितलं. म्हणाली, "बाई, तुमी एवढ्या सावळ्या असाल असं वाटलं नव्हतं." मग लगेच, "चला, गाव बघाया जाऊ. पाणी आटलंय. जुनं गाव उघडं पडलंय."

उन्हं कलल्यावर आम्ही तिघं निघालो. पाण्याखाली राहून राहून जमीन मऊ, फिकट झालेली, वर भेगा आणि त्या भेगांतून शिंपले. दूर उथळ पाण्यात गुलाबी रोहित पक्ष्यांची रांग उभी होती. वारा नव्हता. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. पायांचासुद्धा आवाज येत नव्हता, फक्त बांगड्यांचा. सारूबाई पुढे, तात्या काठी न घेता तिच्या मागे.

जुन्या गावाच्या हद्दीत शिरलो आणि सारूबाई थबकली. घरांची नुसती जोती उरलेली, त्यांवर गाळ. तिला काही ओळखू येईना. जाड भिंगातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं, त्यामुळे ती पाऊल टाकायलाही बिचकत होती. मग तात्या म्हणाले, "थांब. म्होरं मी हुतो." त्यांनी पायाने दगड चाचपला आणि चालू लागले. "ही गावची येस. हितनं डाव्या हाताला इहीर. हितं पायरी हाय, बाई, जपून." गाळाखाली खरंच पायरी होती. ते बोलायचे आणि सारूबाई सांगायची, "व्हय, हाय. इहीर हाय. काठावर बगळा बसलाय." मी मागून चालत होते. मला वाटत होतं, ह्या दोघांच्या झोपेत आपण चुकून शिरलो आहोत.

प्रार्थनाघराचं जोतं अजून शाबूत होतं. तात्या त्यावर बसले. हाताने दगड पुसत ते म्हणाले, "सारू, हितं आपलं लगीन लागलं." ती म्हणाली, "तुमचा शर्ट मोठा व्हता. मला सारं दिसत व्हतं तवा."

मग मी विचारलं. "सारूबाई, बांगड्या कधी भरल्या? तुमच्याकडे चालत नाहीत ना?"

"तुमच्यापास्नं शिकले," ती म्हणाली. "शाळंत तपासणी चालली तवा मी बाकावर व्हते न्हवं? तुमचा हात जिकडं वाजंल तिकडं ह्ये बोट करायचे. मला दिसत नव्हतं, पर ऐकू येत व्हतं की."

तात्या बसल्या जागी सरळ झाले. हे त्यांनाही नवं होतं.

"मग तुम्ही ऑपरेशनला तयार कशा झालात?"

"म्हणलं, ह्यो माणूस लबाडी करून का हुईना, टेबलापातूर चाललाय. मी उठले असते तर ह्येबी उठले असते. एकदा ह्ये तितं निजले की म्होरलं प्रभू बघंल, असं धरून चालले व्हते मी."

"कधी बोलली न्हाईस," तात्या म्हणाले.

"तुमी तरी कुठं बोललासा?"

दूर एक पक्षी उडाला, त्याच्या पंखांची आतली बाजू लाल दिसली.

मग सारूबाई मला म्हणाली, "लई राग आला व्हता, बाई. ह्यांचाबी आन् त्याचाबी. घरी गेल्यावर ह्ये सारखं इचारायचे, सारू, कुठं हाईस? सारू, कुठं हाईस? डोळं गेल्यापास्नं इचारत आल्यात, मी वैतागून वो द्यायची. एक दिस वो दिलीच न्हाय. बसले गप कोपऱ्यात. तर ह्ये घरभर हात लावत फिरले, भितीला, रांजणाला. तवा तुमच्या बांगड्या आठवल्या. दारावर कासारीण आली व्हती, तिला म्हणलं, कोपरापातूर भर. सासऱ्यानं घरात घेतलं नसतं मला. पर मी नटायला न्हाय भरल्या. ह्यांला दिसावं म्हणून भरल्या."

एवढं बोलून ती उठली आणि पाण्याकडे चालू लागली. पाय धुवायचे होते तिला. पाणी दूर होतं आणि संध्याकाळचं ऊन त्यावर सांडलं होतं. तिची पाठमोरी आकृती त्यात विरत चालली. मला डोळ्यांवर हात धरूनही ती नीट दिसेना. तात्या जोत्यावर बसून होते. त्यांचा चेहरा, सूर्यफूल वळतं तसा, बांगड्यांच्या आवाजामागे हळूहळू वळत होता.

नोकरीची सवय. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सांगा, तात्या. कुठं?"

"उजवीकडं," ते म्हणाले.

"बरोबर."

"आता खाली वाकली. पाय धुतीया."

"बरोबर."

"आता उठली." ते थांबले, मान वाकडी करून ऐकत राहिले, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांखाली हसू पसरलं. "आता हिकडं बघतीया."

मी पाण्याकडे बघितलं, तिथे नुसता उजेड होता. "बरोबर," मी म्हणाले.